मामलेदार द्यायचा नाही

दुपारचे अडीच वाजलेत. भाकरीचे दोन घास आमटीत बुडवून मालननं कसेबसे घशाखाली ढकललेत, भांडी तशीच मोरीत टाकलीत आणि सोप्यातल्या खाटेवर अंग टेकलंय. झोपायचं नाही, असं तिनं ठरवलंय. चार वाजता टेम्पो येणार आहे. तोवर डोळे उघडे ठेवायचे आणि टेम्पो आला की काय ते बघायचं. आता नेमकं काय बघायचं, ते मात्र तिला अजून सुचलेलं नाही.

खाटेखाली मामलेदार पसरलाय. खाटेखाली म्हणजे डोकं तेवढं. बाकीचा ऐवज पार दारापर्यंत गेलाय. मामलेदार हा कुत्रा आहे. बुलमॅस्टिफ जातीचा, रंगानं गुळाच्या ढेपेसारखा, तोंड तव्यागत काळं, वजन अठ्ठावन्न किलो. मालनचे यजमान रंगराव कचेरीत एकतीस वर्षं कारकून होते. तेवढ्या काळात आठ मामलेदार आले आणि गेले, आणि प्रत्येकासमोर रंगराव हात बांधून उभे राहिले. निवृत्त झाले त्याच वर्षी कारखान्याच्या एका संचालकाच्या बंगल्यावरनं त्यांनी हे पिल्लू आणलं. सात पिल्लांतलं शेवटचं, मागचा पाय ओढणारं, जगत नाही म्हणून काढून दिलेलं. त्याचं नाव त्यांनी मामलेदार ठेवलं. सकाळ-संध्याकाळ अंगणात उभं राहून "मामलेदार, बस!" म्हणायचे, आणि तो बसला की गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं हसायचे. हे सुख त्यांनी आठ वर्षं मनसोक्त भोगलं आणि यंदाच्या माघात, चहाचा कप हातात असताना, एका मिनिटात गेले.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला तर कावळा शिवेना. तास झाला, सव्वा तास झाला. भावकीतले एकेक जण पुढं होऊन काय काय कबूल करत होते आणि वर झाडावर कावळे नुसते मान वाकडी करून बघत होते. शेवटी मुलगा धैर्यशील हात जोडून म्हणाला, "बाबा, मामलेदारला चांगल्या घरी देतो. आईला त्याचा त्रास होऊ देत नाही." शब्द तोंडातून निघाला आणि झपकन कावळा पिंडावर. सगळ्यांचे डोळे भरून आले. हेच होतं त्यांच्या मनात, असं जो तो म्हणाला. आता ह्यावर कुणी काय बोलायचं? गेलेल्या माणसाची इच्छा कावळा सांगतो, हे मालनही लहानपणापासून मानत आलेली. ती वरच्या पायरीवर बायकांत बसली होती. तिला कुणी विचारलं नाही आणि तिनंही तोंड उघडलं नाही.

आता चैत्र सरत आलाय. धैर्यशील पुण्याहून मुद्दाम रजा काढून आलाय, कारण 'चांगलं घर' सापडलंय. शिरोळच्या बाजूला एकाची कोंबड्यांची शेड आहे, त्याला राखणीला दांडगं जनावर पाहिजे. त्या माणसानं पाठवलेला फोटो मालननं धैर्यशीलच्या फोनवर पाहिलाय. पत्र्याचा आडोसा, सिमेंटात रोवलेली कडी आणि कडीला साखळी. इथं पन्हाळ्यावर वारं असतं म्हणून बरं, तरी मामलेदार दुपारी फरशी सोडत नाही. ह्या जातीचं नाक आखूड, ऊन लागलं की धाप थांबत नाही. खाली शिरोळला मे महिन्यात त्या पत्र्याखाली तो किती दिवस काढील, हे सांगायला डॉक्टर नको.

"त्याला ऊन सोसत न्हाई रे," तिनं सकाळी एकदा म्हणून पाहिलं.

"आई, मी बाबांना शब्द दिलाय," धैर्यशील म्हणाला. पोरगा वाईट नाही. आई पडेल, मांडी मोडेल, ह्या धास्तीनं त्याला तिकडं पुण्यात झोप लागत नाही. पण चांगल्या माणसांनी एकदा एखादी गोष्ट मनावर घेतली की त्यांच्यापुढं बोलायची सोय राहत नाही.

मालनचा हात खाटेवरून खाली लोंबतोय. बोटं मामलेदारच्या कपाळावरच्या घड्यांत आहेत. घडी ओलसर लागते. सकाळी पुसली होती, परत पुसायला पाहिजे, नाहीतर आत कुजतं. उठायला पाहिजे, असं तिला वाटतं, आणि आपण उठलोच आहोत असंही वाटतं. मामलेदार घोरतोय. ते घोरणं हळूहळू वर चढतं, खाटेच्या दोऱ्यांतून येतं, शेजारच्या उशीवर येतं. चाळीस वर्षं ओळखीचं घोरणं आहे.

"कुशीवर व्हा की ओ," ती सवयीनं म्हणते.

"मी कुटं घोरायलोय? मामलेदार घोरायलाय," रंगराव म्हणतात.

पायथ्याशी बसलेत. अंगात कचेरीचा पांढरा सदरा, नाकावर चष्मा आणि खांद्यावर लाळेचा पंचा. मामलेदारचे ओठ लोंबते, लाळेला खंड नाही, म्हणून आठ वर्षं रंगरावांच्या खांद्यावर तो पंचा असायचाच. लग्नाला गेले तरी असायचा. मालननं स्वतःच्या हातानं तो नदीत सोडला होता. आता तो कोरडा ठणठणीत आहे. तिला त्याचं नवल वाटत नाही. तिला राग आलाय.

"आलात व्हय," ती म्हणते. "अडीच म्हैनं कुटं हुता?"

"कामात हुतो."

"मेल्यावर कसली आलीत कामं?"

"तितंबी कागद हाईतच की," ते म्हणतात आणि टेबलावरचं दप्तर पुढं ओढतात.

टेबल आहे. लाल फडक्यात बांधलेल्या दप्तरांच्या थप्प्या छतापर्यंत गेल्यात. वर पंखा फिरतोय आणि त्याच्या वाऱ्यानं मालनच्या परसातली लुगडी वाळतायत. पलीकडं साहेबांच्या मोठ्या खुर्चीत मामलेदार बसलाय, हनुवटी टेबलावर टेकवून. त्याच्या लाळेनं एका कागदावरची शाई पसरत चाललीय. कुणाची काही तक्रार नाही.

"अर्ज कुटाय?" रंगराव विचारतात.

"कसला अर्ज?"

"ज्या कामाला आलीस त्याचा. तोंडी चालत न्हाई."

"चाळीस वर्सं तोंडीच चाललंय. मला एकच इचारायचंय. त्यो कावळा तुमी धाडलासा का?"

रंगराव चष्मा काढतात. सदऱ्याच्या टोकानं काचा पुसतात. मग साहेबांच्या खुर्चीकडं बघतात, परवानगी मागावी तसं. मामलेदार जीभ काढून नाक चाटतो.

"साहेबांची हरकत न्हाई," रंगराव म्हणतात. "चल, दावतो."

कचेरीच्या मागच्या दाराला पायऱ्या आहेत आणि खालच्या पायरीला नदीचं पाणी लागलंय. दहाव्याचीच सकाळ. ती वरच्या पायरीवर बसलेल्या बायका बघते. त्यांत डोक्यावर पदर घेऊन एक वाळकी बाई बसलीय, ती आपणच, हे तिला जरा उशिरा कळतं. आपण इतक्या म्हाताऱ्या दिसतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"हितं बस," रंगराव म्हणतात. दोघं करंजाच्या झाडाखाली बसतात. झाडाला मामलेदार बांधलाय. त्या दिवशी तो घरी एकटा राहीना, दार धडका मारून मोडायला निघाला, म्हणून जीपमधून आणलेला. पिंड त्याच्यापासून पाच पावलांवर. वर फांदीवर कावळे बसलेत.

तिकडं धैर्यशील हात जोडून बोलतोय. "बाबा, आईला अंतर देत नाही." कावळे ढिम्म. "घर विकत नाही." ढिम्म. भावकीतला एक म्हणतो की तंबाखू खाल्ल्याबद्दल त्यांना बोलायला नको होतं. ढिम्म.

"कावळं काय बगायल्यात, बग," रंगराव कोपरानं ढोसतात.

ती वर बघते. कावळ्यांच्या नजरा पिंडावर नाहीतच. सगळे कावळे मामलेदारकडं बघतायत. त्यातला एक धीट कावळा एक फांदी खाली येतो, मामलेदार जांभई देतो, कावळा दोन फांद्या वर जातो.

मग जीपचा ड्रायव्हर येतो. जनावराला धाप लागलीय म्हणतो, दोरी सोडतो आणि मामलेदारला पाण्यावर घेऊन जातो. धैर्यशील हात जोडलेले तसेच ठेवून मान वळवून बघतो. कुत्रं जाताना दिसलं म्हणूनच त्याला कुत्र्याची आठवण झाली, हे आता मालनला स्वच्छ दिसतंय. "बाबा, मामलेदारला चांगल्या घरी देतो." आणि झपकन कावळा पिंडावर.

"अगं बया," मालन म्हणते.

रंगराव हसतात. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं.

"तीस-चाळीस माणसं हुती," ती म्हणते, "आनि सगळी कावळ्याकडं बगत बसली. कुत्र्याकडं एकानंबी बघितलं न्हाई!"

"तूबी न्हाई."

"मीबी न्हाई," ती कबूल करते. "आनि तुमी? तुमी कुटं हुता तवा? पिंडापशी?"

"मी कशाला पिंडापशी जातोय? मी ह्याच्यापशी हुतो. झाडाखाली. मग ह्यो पाण्यावर गेला, मीबी गेलो."

मालनच्या छातीवरचा धोंडा उतरतो. अडीच महिने तो धोंडा घेऊन ती भाकरी थापत होती, अंगण लोटत होती, झोपत होती. आता धैर्यशीलला सांगायला तिच्याजवळ काहीतरी आहे. तुझ्या बापाच्या मनात तसं काही नव्हतं, कावळ्याला कुत्र्याचं भ्या होतं, संपलं. ती उठायलाच निघते.

"पर देऊन टाक," रंगराव म्हणतात.

"काय?"

"कावळ्याचं सोड. मी सांगतोय. देऊन टाक त्याला. तुला झेपायचा न्हाई."

ते हे अगदी साध्या आवाजात म्हणतात, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. ते परसातल्या धुण्याच्या दगडावर बसलेत, पुढ्यात खोबरेल तेलाची वाटी, आणि मामलेदार आडवा पडून कोपरं पुढं करतोय. एवढ्या वजनाचं जनावर फरशीवर बसून बसून कोपरांना घट्टे पडतात. तेल चोळलं नाही तर ते फुटून चिघळतात. रंगराव बोटानं तेल घ्यायला जातात आणि थांबतात. कोपरं मऊ आहेत. टाचेच्या कातड्यासारखे घट्टे होते तिथं, ते आता नुसते काळसर डाग राहिलेत.

"कुणी चोळलं?"

"आणि कोण हाय घरात?"

ते पंच्यानं हात पुसतात.

"तुमी गेल्यावर चार दिस त्यानं तोंडात घास घेतला न्हाई," मालन म्हणते. "घेईल कसा? तुमीच शिकवलासा की, दुसऱ्या कुणाच्या हातचं खायाचं न्हाई. कुणी इख घालंल म्हणून. घरच्या बायकोच्या हातचंबी न्हाई! पाचव्या दिवशी म्या ताट घेऊन त्याच्याफुडं बसले. म्हणलं, तू खा न्हाईतर मीबी खात न्हाई. संध्याकाळपत्तोर बसलो दोघं. दिवा लावायच्या टायमाला खाल्लंन."

"भांडं उंचावर ठेवलंतंस?"

"स्टुलावर. तुमी ठेवत हुतासा तसंच. आनि खाल्ल्यावर तासभर हलू देत न्हाई, पोटाला पीळ बसतोय म्हणून. पाणीबी घोट घोट. म्या काय आंदळी हुते व्हय आठ वर्सं? सगळं बघत हुते. तुमी कदी साखळी हातात दिली न्हाईसा, एवढंच."

हे बोलताना मालनला रडू येतं आणि रडू येतंय ह्याचा तिला संताप येतो. कारण हे खरं आहे. आठ वर्षांत एकदा तिनं साखळीला हात लावला होता तर रंगराव खेकसले होते, पडशील, सोड, तुझं काम नव्हे ते. त्यांचंही खोटं नव्हतं. पण माणसानं एकदा म्हणून बघावं की नाही, घे, धर, बघ जमतंय का? म्हटलं नाही. गॅसच्या टाकीचं म्हटलं नाही, बँकेच्या फॉर्मचं म्हटलं नाही, कुत्र्याचंही नाही. आणि मग चहा पिता पिता निघून गेले.

"अठ्ठावन किलोचं जनावर हाय," रंगराव म्हणतात. "मलाच वढायचं. हाताला साखळीचा पीळ देऊन धरायला लागायचं."

"म्हणूनच तुमचं मनगट दुखायचं. पीळ द्यायचाच न्हाई. म्या वढतच न्हाई त्याला."

"मग?"

"त्यानं वढलं की मी खाली बसते."

"कुटं?"

"असंन तितं. रस्त्यात."

रंगरावांचा चष्मा नाकावरून घसरतो. "रस्त्यात? बाजारात?"

"परवा बाजीप्रभूच्या पुतळ्याफुडं बसले. फतकल मारून. तो दोन पावलं गेला, वळून बघितलंन, परत आला आनि माझ्या शेजारी बसला. ट्रिपला आलेल्या बायकांनी फोटू काढलं."

"आनि तू काढू दिलंस?"

"काढंनात."

"माझी अब्रू घालवलीस," ते म्हणतात. पण मागोमाग, जरा हळू, विचारतातच, "आनि येतोय तो? दर टायमाला?"

"येतोय."

रंगराव उठतात. परसातला दगड संपतो तिथं पाणी लागलंय, रुंद, पलीकडचा काठ न दिसणारं. कोवळं ऊन की संध्याकाळ, काही कळत नाही. ते पाण्याकडं तोंड करून उभे राहतात आणि पंचा खांद्यावर नीट करतात.

"न्हवं, मी काय म्हणतोय," ते म्हणतात, "त्या शेडवाल्याला द्यायचा नसंल तर मीच नेतो त्याला. माझ्यापशी राहील. तुलाबी घोर न्हाई."

मालन झटकन उठून उभी राहते.

"मामलेदार, चल!" रंगराव हाक मारतात.

तीच हाक. आठ वर्षं रोज सकाळी साडेपाचला मारलेली. मामलेदारचे कान ताठ होतात, तो उठतो, आणि मालनला कळतं की दोरी आपल्या हातात आहे. अठ्ठावन्न किलोचं ते धूड पाण्याकडं झेपावतं. दोरी तळव्यातून सरकते, कातडं भाजतं. रंगराव घोट्याएवढ्या पाण्यात आहेत, गुडघ्याएवढ्या पाण्यात आहेत. मागं बघत नाहीत, कारण तो येणारच ह्याची त्यांना खात्री आहे.

ती ओढत नाही. पाण्याच्या काठाला, चिखलात, लुगड्यासकट, फतकल मारून ती खाली बसते.

"मी बसले बग," ती म्हणते.

मामलेदारचे पुढचे दोन पाय पाण्यात आहेत. तो पुढं बघतो. मग वळून मागं बघतो. त्याच्या कपाळाच्या घड्या सगळ्या एकत्र येतात. असा तो किती वेळ उभा राहतो कोण जाणे. तेवढ्या वेळात मालननं आयुष्यात मारल्या नव्हत्या तेवढ्या हाका देवांना मारून होतात. मग तो एक सुस्कारा सोडतो, पाण्यातून पाय काढतो, येतो आणि तिला टेकून बसतो. टेकून म्हणजे रेलूनच. त्या वजनानं ती कलंडायचीच बाकी राहते.

रंगराव पाण्यात उभे आहेत. त्यांना राग आलाय हे तिला दिसतंय, आणि रागाच्या खाली आणखी काहीतरी आहे. मुलगा पहिल्यांदा सायकलवर बसून न पडता गेला होता तेव्हा त्यांचं तोंड असंच झालं होतं. ते परत येतात. त्यांच्या हातात पत्रावळ आहे, पत्रावळीवर तो भाताचा पिंड, कावळ्यानं एक चोच मारलेला, बाकीचा तसाच.

"मला काय एवढा लागत न्हाई," ते म्हणतात. त्यातला मोठा घास मोडून ते तिच्या उजव्या तळव्यावर ठेवतात. "तूच दे. बगू तुझ्या हातनं घेतोय का."

मामलेदार ते प्रचंड तोंड तिच्या तळव्यावर टेकवतो आणि ओठांच्या टोकांनी, अक्षता वेचाव्यात तसा, भात उचलतो. काळे तीळ तिच्या हाताला चिकटून राहतात.

"बरं खातोय," रंगराव म्हणतात. पंचा काढतात आणि त्याचं तोंड पुसतात, आधी उजवा ओठ, मग डावा. मग तिच्याकडं बघतात. "तरीबी मी सांगायचं काम केलं. देऊन टाक."

"न्हाई."

"माझं ऐकायचं न्हाई?"

"न्हाई."

चाळीस वर्षांत हा शब्द तिनं त्यांच्या तोंडावर कधी म्हटला नव्हता. मनात म्हटला होता, चुलीपुढं म्हटला होता, भांडी आपटून म्हटला होता. तोंडावर म्हणायला एवढा सोपा असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"बरं," रंगराव म्हणतात. "मग त्याच्या डाव्या कानात बगत जा. तितं खरूज धरतीय त्याला." आणि पुढं ते काय म्हणतात ते तिला ऐकू येत नाही, कारण कुठंतरी हॉर्न वाजायला लागलाय, आणि जवळ जवळ येत चाललाय.

सोपा. खाट. दारातून आलेला चारचा उजेड. मालनचा हात अजून खाली लोंबतोय आणि मनगटापर्यंत लाळेनं ओला झालाय. मामलेदार उठून बसलाय, तिच्या तळव्यापाशी तोंड नेऊन ओठ चाटतोय. ती हात वर आणते. लाळेत भाताची दोन शितं आहेत आणि चार काळे तीळ.

ती उठून चुलीकडं बघते. सकाळी भाकरी आणि आमटी. मामलेदारच्या ताटात भाकरी आणि अंडी. कालही भात नव्हता. ती मूठ मिटते.

"आई, आले ते!" धैर्यशील दारातून आत येतो. "तू बघू नकोस हवं तर. मी नेतो त्याला बाहेर."

"तुला न्यायाला जमायचं न्हाई," मालन म्हणते आणि खुंटीवरची दोरी डाव्या हातात घेते.

बाहेर टेम्पोचा मागचा फाळका पडलाय. शिरोळचा माणूस साधासुधा आहे, डोक्याला रुमाल, हातात नवी कोरी साखळी. मामलेदारला बघून तो दोन पावलं मागं सरतो आणि मग कौतुकानं म्हणतो, "आयला, वाघच की." टेम्पोत त्यानं कोंबडीचं मटण ठेवलंय. मामलेदारचं नाक हलतं. तो टेम्पोकडं ओढ घेतो.

मालन रस्त्यात खाली बसते. टेम्पोच्या पुढ्यात, डांबरावर.

"आई!" धैर्यशील ओरडतो. "लागलं का?"

"न्हाई. बसलेय."

मामलेदार वळून बघतो, येतो आणि तिच्या शेजारी बसतो. समोरच्या दारातली बाई हातातलं सूप घेऊन बाहेर येते. शिरोळचा माणूस कधी कुत्र्याकडं, कधी मालनकडं बघतो आणि साखळी पाठीमागं धरतो.

"आई, ऊठ ना. लोक बघतायत."

"बगंनात."

"बाबांची शेवटची इच्छा होती ती," धैर्यशीलचा आवाज रडवेला होतो. "तुला माहीत आहे."

"इचारलं मी त्यास्नी. आत्ता."

तो आईच्या तोंडाकडं बघतो. "मग? काय म्हणाले?"

खोटं बोलणं सोपं होतं. किंवा कावळ्याचं, करंजाच्या झाडाचं, सगळं सांगता आलं असतं आणि ते खरंही होतं. ते ती त्याला सांगेल, पण निवांत, चहा पिताना. आत्ता तिला कावळ्याच्या आडोशाला उभं राहायचं नाही.

"देऊन टाक म्हणाले."

"मग?"

"मग काय? चाळीस वर्सं त्यांचं ऐकलं. आता मी न्हाई म्हणालेय. आनि ह्योबी जाणार न्हाई."

धैर्यशील वाकून तिला उठवायला हात पुढं करतो. मालन मूठ उघडते आणि त्याच्या हातात हात देऊन उठते. उठताना गुडघा कडाडतो. ती उभी राहते, लुगडं झटकते, आणि धैर्यशील स्वतःच्या तळव्याकडं बघत राहतो. तळवा ओला आहे आणि त्याला काळे तीळ चिकटलेत. असे तीळ त्यानं आयुष्यात एकदाच हातांनी कालवले होते, भातात, नदीच्या काठावर.

"आई," तो म्हणतो, "घरात काळे तीळ आहेत?"

"घरात कशाला ठेवीन मी काळं तीळ?" मालन म्हणते. "हात धू आनि त्या पावण्याला च्या इचार. लांबनं आलाय बिचारा, तसाच नको लावूस वाटंला."

आणि पदराच्या टोकानं ती मामलेदारचं तोंड पुसते, आधी उजवा ओठ, मग डावा, आणि मग त्याचा डावा कान उलटा करून उन्हाकडं धरून आत बघते.